ओळख शरीराची : रक्त लाल का?

रक्ताला लाल रंग येतो तो हिमोग्लोबिनमुळे. तांबड्या पेशींतले हे लोहयुक्त द्रव्य फुप्फुसातला प्राणवायू शरीरभर पोहोचवते. या पेशी हाडांच्या मज्जेत तयार होतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. म्हणून नव्या पेशींसाठी लोह सतत लागते. पाळी सुरू झालेल्या मुलींना जास्तच. ते कमी पडले की जिना चढताना धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही. घरात मात्र मुलगी 'आळशी' ठरते!

आई-वडिलांनो, बोल लावण्याआधी तिचे रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी आले तर डॉक्टरांना दाखवा. पालेभाजी, उसळीवर लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा नको. आणि मुलीच्या ताटात उरलेसुरले वाढू नका.