सेंद्रिय रेणूंचे शिक्षण व शेतकऱ्याचे घर

ज्यांचे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात गेले, त्यांस एक गोष्ट अनुभवाने पक्की ठाऊक असते. ती ही की, नोंद निराळी आणि जमीन निराळी. गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद करावयाची ती बांधावर जाऊन, उभे पीक डोळ्यांनी पाहून करावी, असा नियम. परंतु चावडीत बसून गेल्या सालची नोंद यंदाच्या रकान्यात उतरविण्याचा प्रकार कोठे झालाच नाही, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस नाही. अशा नोंदीत अक्षर सुरेख असते, बेरीज बिनचूक असते, आणि शेतात मात्र हरभऱ्याच्या जागी गहू उभा असतो. पुढे पीक बुडाले म्हणजे नुकसानभरपाईच्या वेळी हीच सुरेख नोंद शेतकऱ्याच्या मुळावर येते. सन २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तीत शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते. म्हणजे बांधावर गेल्यावाचून खरी नोंद होत नाही, हे सरकारनेही मान्य केले. आमचे म्हणणे एवढेच की, हायस्कूल व ज्युनियर कॉलेजातील जीवशास्त्राच्या, त्यातही सेंद्रिय रेणूंच्या शिक्षणास हाच नियम लागू करावा.

हा विचार आमच्या मनात कसा आला, ते सांगतो. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या यंदा अकरावीत शास्त्र शाखेत शिकत आहे. एके सायंकाळी ती पडवीत बसून धडा पाठ करीत होती. सजीवांच्या शरीरात कर्बोदके, प्रथिने, मेद व केंद्रकाम्ले असे चार प्रमुख सेंद्रिय पदार्थ असतात, प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात, वगैरे. पाठांतर निर्दोष होते. आमचे शिक्षण मराठी शाळेपलीकडे गेलेले नाही, तेव्हा आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे एक प्रश्न विचारला, "बाळ, समोर ही युरियाची गोणी आहे. हा पदार्थ सेंद्रिय की कसा?" ती चटकन म्हणाली, "नाही हो काका, तो तर रासायनिक! सेंद्रिय म्हणजे शेणखत, गांडूळखत." धडा तोंडपाठ आणि उत्तर चुकीचे! यात मुलीचा दोष आम्ही तिळमात्र मानीत नाही. सेंद्रिय या एकाच शब्दाचा शाळेत एक अर्थ चालतो व बाजारात दुसरा, आणि या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम कोणीच केलेले नाही.

रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे ढोबळ मानाने कार्बनची संयुगे. असे पदार्थ केवळ सजीवांच्या शरीरातच, एका विशेष जीवनशक्तीच्या योगाने निर्माण होतात, अशी एके काळी विद्वानांचीही समजूत होती. मूत्रातील युरिया हा त्यांपैकीच एक. सन १८२८ मध्ये व्होलर नामक जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेटपासून हाच युरिया प्रयोगशाळेत तयार केला. त्यास ना मूत्रपिंड लागले, ना जनावर. त्या जुन्या समजुतीला जे तडे गेले, त्यांत हा प्रयोग प्रमुख गणला जातो. युरियाच्या रेणूत कार्बनचा १, ऑक्सिजनचा १, नायट्रोजनचे २ व हायड्रोजनचे ४ अणू असतात. गोठ्यातील गोमूत्रात असलेला युरिया आणि कारखान्यातून गोणीत भरून आलेला युरिया यांच्या रेणूंत काडीचाही भेद नाही.

याचा अर्थ शेणखताऐवजी युरियाच टाकीत जावे असा कोणी करू नये. सेंद्रिय शेती ही शेतीची एक पद्धत आहे. जमिनीचा पोत व तिचा जिवंतपणा राखण्यात शेणखताचे जे महत्त्व आहे, ते गोणीने भरून येणारे नाही. परंतु पद्धतीचे नाव निराळे व रेणूचे नाव निराळे, हा विवेक विद्यार्थ्यास आला पाहिजे. नाही तर सेंद्रिय म्हणजे निर्धोक, असा दुसरा भ्रम त्यामागोमाग येतो. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचा पदार्थ असतो व त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे जालीम विष सुटते. ती ज्वारी खाऊन जनावर दगावते, हे कोणत्या शेतकऱ्यास ठाऊक नाही? तो पदार्थ कोणी कारखान्यातून आणलेला नसतो, रोपानेच तयार केलेला असतो.

आता शिकवावयाचे कसे? आमच्या मते आधी पदार्थ हाती द्यावा व मग त्याचे नाव सांगावे. ज्वारीचेच उदाहरण घ्या. तिचा दाणा आपण खातो आणि कडबा बैल खातो. दाण्यातील पिष्ट हे ग्लुकोजचे रेणू एकमेकांस जोडून झालेले असते, आणि कडब्यातील सेल्युलोजही त्याच ग्लुकोजच्या रेणूंचे असते. मणी एकच, ओवण्याची तऱ्हा मात्र वेगळी. पहिली ओवण आपल्या पोटातील पाचकरसांना उलगडते, दुसरी उलगडत नाही. बैलाच्या पोटात मात्र ती उलगडणारे सूक्ष्म जीव राहतात, म्हणून कडब्यावर त्याचा गुजारा होतो. ज्या मुलाने आयुष्यभर वैरण कापली, त्यास कर्बोदकांचा भेद समजावण्यास याहून चांगला धडा कोणता? कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि उसाच्या रसातील साखर म्हणजे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची जोडी, हेही त्याच ओघात सांगता येईल. भाकरीबरोबर डाळ का खावी, याचेही उत्तर येथेच आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते व ते डाळीत भरपूर असते. उलट डाळीत मेथिओनिन कमी पडते, ते धान्य पुरविते.

प्रयोगांसही फारसा खर्च नाही. भाकरीच्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब टाकला असता काळसर निळा डाग पडतो. साखरेवर तसा पडत नाही. भुईमुगाचा दाणा कागदावर चिरडला म्हणजे उजेड आरपार दिसणारा तेलकट डाग राहतो. प्रथिनांच्या परीक्षेस मोरचूद लागतो, आणि तो द्राक्षबागाइतदाराच्या घरी असतोच. दुधात अथवा पाण्यात कालविलेल्या हरभऱ्याच्या पिठात शिक्षकांनी स्वतःच्या हाताने, जपून, कॉस्टिक सोड्याचे द्रावण घालावे व वर मोरचुदाच्या पातळ द्रावणाचे काही थेंब सोडावेत. जांभळा रंग दिसेल. हीच बायुरेट परीक्षा. शुद्ध युरियाच्या पाण्यावर हा प्रयोग केला तर तो जांभळा रंग येत नाही. ही शेवटची गोष्ट विद्यार्थ्यांकडून अवश्य करवून घ्यावी, कारण तिच्याशी शेतकऱ्याच्या पैशाचा संबंध आहे.

तो असा. पशुखाद्याच्या पोत्यावर क्रूड प्रोटीन म्हणून टक्केवारी छापलेली असते. ती काढताना प्रत्यक्ष प्रथिने मोजीत नाहीत. नायट्रोजन मोजतात व त्यास ६.२५ ने गुणतात, कारण प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. आता युरियात नायट्रोजन ४६ टक्के. म्हणजे या हिशेबाने १ किलो युरिया हा कागदावर २ किलो ८७५ ग्रॅम प्रथिनांएवढा भरतो, आणि प्रत्यक्षात त्यात प्रथिन गुंजभरही नसते! गाईच्या पोटातील सूक्ष्म जीव थोड्या युरियाचे प्रथिन करू शकतात, म्हणून मोठ्या जनावरांच्या खाद्यात तो ठराविक मर्यादेत चालतो. मर्यादा ओलांडली की तेच विष, आणि लहान वासरास तर त्याचा उपयोगच नाही. सन २००८ मध्ये चीन देशात दुधात मेलामाइन मिसळले गेले, ते याच नायट्रोजनाच्या मोजणीस फसविण्यासाठी. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली व ६ दगावली. तेथेही कागदावरील आकडा बरोबरच होता. चावडीत बसून केलेल्या पीकपाहणीची आठवण आम्हांस येथे झाल्यावाचून राहत नाही.

शिक्षक म्हणतील की, अभ्यासक्रम मोठा, तास थोडे, आणि परीक्षेत प्रश्न येतात ते व्याख्यांचे. ही अडचण खोटी नाही, आणि शिक्षकांवर टीका करण्याचा आमचा हेतूही नाही. परंतु ज्या मुलाने कडबा व दाणा यांतील भेद समजून घेतला, त्यास पिष्ट व सेल्युलोज यांच्या व्याख्या पाठ कराव्या लागत नाहीत; त्या राहतात. अर्धा तास प्रयोगात गेला तरी पुढे घोकंपट्टीचे चार तास वाचतात. शिवाय दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले प्रथिन अकरावीत एकाएकी प्रोटीन होऊन समोर आले म्हणजे मूल बिचकते. दोन्ही नावे एकाच डाळीच्या दाण्याशी जोडून दिली, तर ते बिचकणार नाही.

यात आपण सभासदांनीही काही केले पाहिजे. गावच्या शाळेला आपण वर्गणी देतो, भिंत बांधून देतो. त्याच हाताने ओंजळभर ज्वारी, तूर, भुईमूग, थोडा कापूस, गुळाचा खडा, चिमूटभर मोरचूद आणि पशुखाद्याचे एक रिकामे पोते, छापील मजकुरासह, शाळेत नेऊन द्यावे. या सामानास खर्च जवळजवळ नाही. आपल्या मालाचा भाव शेवटी त्यातील साखरेवर, तेलावर, प्रथिनांवर व धाग्यावरच ठरतो. म्हणजे ज्या रेणूंची नावे मुले घोकतात, तेच आपण बाजारात विकीत असतो. ते आपल्या मुलांनी ओळखू नयेत आणि व्यापाऱ्याने मात्र ओळखावेत, ही स्थिती आम्हांस शोभणारी नाही.

आमच्या पुतणीने परवा घरी आयोडीनची बाटली आणून स्वयंपाकघरातील प्रत्येक पिठावर थेंब टाकून पाहिला. वहिनी रागावल्या. आम्ही मात्र मनात म्हटले, आज प्रथमच ही पाहणी बांधावर जाऊन झाली.