जुन्या गाडीचे वय कशात मोजावे?

१ जुलै २०२५ रोजी दिल्लीतील पेट्रोल पंपांवर एक नवा नियम लागू झाला. दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाडीला आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीला इंधन द्यायचे नाही, असा तो नियम होता. काही दिवसांतच त्याला स्थगिती द्यावी लागली. त्या निमित्ताने जुनाच प्रश्न पुन्हा पुढे आला : गाडीची योग्यता तिच्या वयावरून ठरवावी की अवस्थेवरून? मालकांचे उत्तर अर्थातच ‘अवस्थेवरून’ असे असते, आणि विज्ञानही त्यांच्या बाजूने बरेच काही सांगू शकते. मात्र ही बाजू मांडणाऱ्याने आधी आपल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये काय भरले आहे, ते पाहायला हवे.

इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांना गती देण्याच्या कामी येतो. तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला इंजिनाभोवती फिरणाऱ्या द्रवाला वाहून न्यावा लागतो. या कामासाठी साधे पाणी पुरेसे आहे, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. ती अर्धी खरीही आहे. पाण्याचा विशिष्ट उष्मा पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांच्या समभाग मिश्रणापेक्षा जास्त असतो; म्हणजे निव्वळ उष्णता वाहून नेण्यात पाणी सरसच ठरते. खरी अडचण इतरत्र आहे.

पहिली अडचण उत्कलनबिंदूची. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवते. हा जादा दाब सुमारे एक बार असेल, तर पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि समभाग मिश्रण त्याहून आठ-नऊ अंश वर. मे महिन्यात घाट चढणाऱ्या गाडीसाठी हे अंतर मोलाचे असते. तेच मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली गोठते, त्यामुळे लडाखच्या हिवाळ्यात पाणी गोठून, प्रसरण पावून इंजिनाचा ब्लॉक तडकण्याचा धोका टळतो.

दुसरी अडचण क्षारांची. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटचे वर्तन उलटे असते. पाणी तापते तशी त्याची विद्राव्यता घटते. म्हणून बोअरच्या जड पाण्यातील क्षार नेमके सर्वांत तप्त भिंतीवर, म्हणजे जिथून उष्णता निघून जाणे सर्वाधिक आवश्यक असते तिथेच साचतात. या थराची उष्णतावाहकता ओतीव लोखंडाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शाइतकी असते. एक मिलिमीटर थर म्हणजे उष्णतेच्या वाटेत जणू अडीच सेंटिमीटर जाडीची लोखंडी भिंत.

तिसरी अडचण गंजाची. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि जुन्या गाड्यांतील तांब्या-पितळेचा रेडिएटर एकाच क्षारयुक्त द्रवात बुडाले, की त्यांचा नकळत विद्युतघट तयार होतो. कूलंटमधील गंजरोधक रसायने हे क्षरण रोखतात आणि रोखता रोखता स्वतः संपत जातात. त्यामुळे पाच वर्षे न बदललेले कूलंट दिसायला हिरवेगार असले, तरी कामातून गेलेले असू शकते. रंगाला तसा काही अर्थही नसतो, कारण तो प्रत्येक उत्पादक आपल्या पसंतीने ठरवतो.

येथवर नुकसान मालकाचे. पुढची गोष्ट मात्र सर्वांची आहे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला अनेक गॅरेजांत आजही दिला जातो. हा झडपेसारखा लहानसा भाग द्रव ८०-९० अंशांपर्यंत तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढला, की इंजिनाला योग्य तापमान गाठायला फार वेळ लागतो. थंडीत ते गाठलेही जात नाही. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या गाडीत संगणक इंजिन अजून थंडच आहे असे समजून अधिक इंधन सोडत राहतो. परिणामी इंधन जास्त लागते आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन वाढतात. या यंत्रणेचे काम इंजिन थंड करणे नसून त्याचे तापमान राखणे हे आहे, याचा विसर पडल्याची किंमत शहराच्या हवेला मोजावी लागते.

अर्थात, उत्तम निगा राखली म्हणून बीएस-२ मानकाची गाडी बीएस-६ होत नाही. वयाचा निकष अगदीच निरर्थक नाही. तो अपुरा आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना होणाऱ्या तपासणीचा भर ब्रेक, दिवे आणि धूर यांवर असतो. त्यात आणखी दोन गोष्टी सहज बसतील : रिफ्रॅक्टोमीटरवर कूलंटचा एक थेंब आणि इंजिनाला योग्य तापमान गाठायला लागणारा वेळ. दोन्हींचा खर्च नगण्य आहे आणि दोन्ही मोजमापे गाडीच्या जन्मतारखेपेक्षा बरेच काही अधिक सांगतात.

तोवर मालकाच्या हाती बरेच काही आहे. इंजिन पूर्ण थंड असताना पातळी पाहावी. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडल्यास दाबाखालचे द्रव क्षणात उकळून अंगावर येते. द्रव तांबूस किंवा तेलकट दिसला, तर मेकॅनिक गाठावा. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट वापरावे, दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत आणि पाणी मिसळायचे तर ते डिस्टिल्डच असावे. काढलेले कूलंट गटारात ओतू नये. ग्लायकॉल गोड असते आणि विषारीही, भटक्या कुत्र्याचा जीव त्याने सहज जातो.

‘माझी गाडी जुनी असली तरी धडधाकट आहे’ असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पण तो दावा तपासता येईल, अशा अवस्थेत गाडी ठेवणे हा त्याच अधिकाराचा दुसरा भाग आहे.