आजारपणाच्या घरातला चित्रकार : पिएर बोनार

घरात दीर्घ मुदतीचे आजारपण शिरले की घर आक्रसू लागते. आधी प्रवास थांबतात, मग लग्नकार्ये, मग शेजारीपाजारी जाणे-येणे. अखेरीस सारे जग दोन खोल्या, एक खिडकी आणि न्हाणीघर एवढ्यात मावते. शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. पिएर बोनार (१८६७–१९४७) या फ्रेंच चित्रकाराने आयुष्याची अखेरची वीस वर्षे बहुतांशी अशाच आक्रसलेल्या घरात काढली. आज ज्या चित्रांमुळे त्याचे नाव घेतले जाते त्यांतली बरीचशी त्याच घरातल्या जेवणाच्या टेबलाची, खिडकीची आणि स्नानगृहाची आहेत.

बोनारचा जन्म पॅरिसजवळच्या फाँतने-ओ-रोज या गावी झाला. वडील युद्ध मंत्रालयात अधिकारी होते. मुलाने वकील व्हावे ही त्यांची इच्छा, म्हणून त्याने कायद्याचे शिक्षणही पूर्ण केले. परंतु शँपेनच्या एका जाहिरातीसाठी केलेले त्याचे भित्तिपत्र विकले गेले आणि वकिली मागे पडली. एदुआर व्हुइयार, मॉरिस दनी या समवयस्क मित्रांबरोबर तो ‘नाबी’ या तरुण चित्रकारांच्या मंडळात वावरू लागला. पुढे विसाव्या शतकात चित्रकलेत एकामागून एक बंडे झाली, वस्तूंचे आकार मोडले गेले, काहींनी वस्तूंना चित्रातून हद्दपारच केले. बोनार मात्र टेबलावरची फळे, कुत्रा, खुर्ची आणि माणूस यांच्यापासून हलला नाही. पिकासोला त्याची चित्रे मुळीच मानवत नसत; आंरी मातीस मात्र त्याला थोर चित्रकार मानी आणि तसे लिहूनही देई.

१८९३ मध्ये पॅरिसमध्ये त्याची एका तरुणीशी गाठ पडली. ती कृत्रिम फुलांच्या दुकानात काम करीत असे. तिने आपले नाव मार्त द मेलिन्यी असे सांगितले. ते ऐकायला खानदानी वाटे. तिचे खरे नाव होते मारिया बुर्सँ, आणि ती एका साध्या प्रांतीय कुटुंबातली होती. दोघे बत्तीस वर्षे विवाहाशिवाय एकत्र राहिले. १९२५ साली विवाहाची कागदपत्रे करताना बोनारला तिचे खरे नाव प्रथम कळले, असे सांगितले जाते. मार्त स्वतःही चित्रे काढी. १९२४ मध्ये तिच्या चित्रांचे पॅरिसमध्ये प्रदर्शन भरले होते. ही गोष्ट मुद्दाम नमूद करतो, कारण आजारी माणसाची ओळख पुढे केवळ ‘आजारी’ एवढीच उरते, आणि मार्तच्या बाबतीत तर चरित्रकारांनीही तेच केले आहे.

तिचे दुखणे नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी क्षयाकडे बोट दाखवितात, कोणी त्वचाविकाराकडे, कोणी मनाच्या व्याधीकडे. एवढे निश्चित की ती वर्षानुवर्षे प्रकृतीने नाजूक होती. तिच्यासाठी दोघांनी औषधी झऱ्यांच्या गावांच्या अनेक वाऱ्या केल्या आणि ती दिवसातला बराच काळ कोमट पाण्याच्या टबात घालवीत असे. त्या काळच्या फ्रान्समध्ये जलोपचारावर वैद्यांचा मोठा भरवसा होता. (आजच्या ज्येष्ठ वाचकांनी याचे अनुकरण करू नये, फार वेळ गरम पाण्यात बसल्याने रक्तदाब खाली येऊन उठताना तोल जाऊ शकतो. अशा स्नानाचा विचार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.)

१९२६ मध्ये बोनारने दक्षिण फ्रान्समध्ये, कान शहराच्या वरच्या टेकडीवर, ल काने या गावी एक लहानसे घर विकत घेतले. घराचे नाव ‘ल बोस्के’. तेथे त्याने वीज आणली, पाण्याची सोय केली आणि मार्तसाठी टबासह स्नानगृह बांधून घेतले. चित्रशाळा मात्र इतकी लहान की मोठ्या चित्रापासून चार पावले मागे सरायलाही जागा पुरत नसे. कापडाचे तुकडे चौकटीवर न ताणता तो थेट भिंतीवर टाचण्यांनी लावी आणि शेजारी शेजारी लावलेल्या तीन-चार चित्रांवर आळीपाळीने काम करी. आज या चित्रात थोडा जांभळा, उद्या त्या चित्रात थोडा पिवळा. एकेक चित्र वर्षानुवर्षे चाले.

शुश्रूषा करणाऱ्या माणसाचा दिवस सलग नसतो. तो तुकड्यांचा बनलेला असतो. औषधाची वेळ, पथ्याची वेळ, हाक आली की उठणे. अशा दिवसात एखादे मोठे काम हाती धरता येत नाही, ही तक्रार खरी आहे. बोनारची कार्यपद्धती मात्र जणू अशाच तुटक दिवसांसाठी घडलेली होती. तो समोर बसवून चित्र काढीत नसे. सकाळी लवकर उठून कुत्र्याला घेऊन टेकडीवर फिरायला जाई. खिशात एक छोटी रोजनिशी असे. तीत तो त्या दिवसाचे हवामान एका शब्दात टिपी, ‘ढगाळ’, ‘पाऊस’, ‘स्वच्छ’, आणि शेजारी पेन्सिलीने दोन-चार रेघांचे रेखाटन करी. घरीही तसेच. मार्त टेबलाशी वाकली आहे, मार्त टबात पहुडली आहे, मार्त कुत्र्याला काही भरविते आहे. तो पाहून घेई, दोन रेघा ओढी आणि निघून जाई. चित्र व्हायचे ते नंतर, भिंतीसमोर, आठवणीतून. या रोजनिश्या आज फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत.

या गृहस्थाला सेवेचा आदर्श पुतळा करून उभे करण्याचा मोह होतो. तो टाळावयास हवा. विवाहापूर्वीच्या काही वर्षांत रने मोंशाती या तरुण स्त्रीवर त्याचा जीव जडला होता. १९२५ च्या ऑगस्टमध्ये त्याने मार्तशी विवाह केला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच रनेने आपले जीवन संपविले. हे ओझे त्या घरात कायम होते. शिवाय मार्तला माणसांचा सहवास नकोसा होत गेला. १९३० च्या सुमारास झॉर्ज बेसाँ या मित्राला लिहिलेल्या पत्रात बोनार सांगतो की पत्नी माणसांपासून दूर पळू लागल्याने आपल्यालाही सर्वांशी संपर्क टाळावा लागतो, आणि हे फार क्लेशकारक आहे. ‘माझे बोलणे कोणाशी होतच नाही’ असे आजही सांगणाऱ्या कितीतरी काकू आणि आजोबा आपल्या परिचयाचे असतील. बोनारला निदान पत्रांचा आधार होता. मातीसशी त्याचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत चालला; त्यात कलेची चर्चा आहे, तशीच एकमेकांच्या प्रकृतीची विचारपूसही आहे.

आता त्या चित्रांकडे वळू. मार्त त्याच्या तीनशेहून अधिक चित्रांत आहे आणि त्यांतली सर्वांत प्रसिद्ध चित्रे टबातली आहेत. देह विवस्त्र आहे, पण पाहणाऱ्याला संकोच वाटावा असे त्यात काही नाही. पाण्याखाली लांबवर पसरलेली एक निश्चल आकृती, तिच्यावर पडणारा प्रकाश, आणि निळ्या, सोनेरी, जांभळ्या रंगांत उजळून निघालेल्या स्नानगृहाच्या फरशा. खऱ्या फरशा साध्या पांढऱ्या होत्या. चित्रात त्या दागिन्यांसारख्या चमकतात. त्याहून लक्षात राहते ती आणखी एक गोष्ट. मार्त साठीची झाली, सत्तरीची झाली, तरी चित्रात तिचे वय वाढत नाही. देह तोच, १८९३ च्या सुमाराचा.

हा वास्तवापासून पळ होय, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण त्याच स्नानगृहात आहे. तेथे हात धुण्याच्या भांड्यावर एक आरसा होता. त्या आरशात पाहून बोनारने उतारवयात स्वतःची काही चित्रे काढली. त्यांतले एक, १९३९ ते १९४५ या काळातले, पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात आहे. त्यात टक्कल पडलेला, खांदे उतरलेला एक कृश म्हातारा आपल्याकडे पाहतो. डोळ्यांच्या जागी जवळजवळ केवळ सावल्या आहेत. स्वतःला त्याने कसलीही सूट दिलेली नाही. म्हातारपण त्याला दिसत होते, नीट दिसत होते. एकाच खोलीत, काही हातांच्या अंतरावर, पत्नी तरुण राहते आणि सेवा करणारा म्हातारा होत जातो. ज्यांनी जोडीदाराचे पांघरूण वर्षानुवर्षे नीट केले आहे त्यांना यातले नवल वाटणार नाही. रोज पाहिलेल्या चेहऱ्यात पहिला चेहराही दिसत राहतो. थकवा मात्र आपल्या आरशात साठतो.

युद्धाची वर्षे दोघांनी ल कानेतच काढली. अन्नाची टंचाई होती, सरपण मिळत नव्हते. व्हुइयार १९४० मध्ये गेला. २६ जानेवारी १९४२ रोजी मार्तचे निधन झाले. बोनारने तिच्या खोलीचे दार बंद केले आणि ते पुन्हा उघडले नाही.

याच दुःखाच्या काळात त्याच्या हातून एक वेडेपणाही घडला. मार्तने मृत्युपत्र केलेले नव्हते. मालमत्तेची मोजदाद होईल, चित्रांची वाटणी निघेल, या धास्तीने त्याने तिच्या नावाने स्वतःच एक मृत्युपत्र लिहून टाकले. ते बनावट असल्याचे पुढे उघडकीस आले. त्याच्या मृत्यूनंतर मार्तच्या नातलगांनी दावा लावला, वारसांमध्ये कज्जा अनेक वर्षे चालला, आणि तोवर त्याची कितीतरी चित्रे लोकांच्या दृष्टीआड अडकून पडली. मृत्युपत्र वेळेत, शुद्धीत आणि साक्षीदारांसमक्ष करावे हे आपण एरवी एकमेकांना सांगतच असतो. एवढा मोठा कलावंतही त्यात चुकला.

मार्त गेली तेव्हा टबातले एक मोठे चित्र भिंतीवर अपुरे होते. ते त्याने १९४० च्या सुमारास हाती घेतले होते. पायघडीवर बसलेला लहानसा कुत्रा, तिरका पडत गेलेला टब आणि पाण्यात विरघळू पाहणारी ती. त्यावर तो पुढे चार वर्षे काम करीत राहिला आणि १९४६ मध्ये ते पूर्ण झाले. आज ते अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी कला संग्रहालयात आहे. दुःख विसरण्यासाठी मन दुसरीकडे गुंतवावे, असा सल्ला शोकात असलेल्या माणसाला सर्रास दिला जातो. बोनारने याच्या उलट केले. ज्या खोलीत ती असे, त्याच खोलीच्या चित्रात तो रोज थोडा वेळ जाऊन येत राहिला. ज्याचे त्याने ठरवावे. पण गेलेल्या माणसाचे कपाट आवरायला घरच्यांनी आजोबांना किंवा आजींना घाई करू नये, एवढे मात्र मला सांगावेसे वाटते.

अखेरच्या दिवसांत त्याच्या सोबतीला आप्त होते. शयनगृहाच्या खिडकीबाहेर बदामाचे एक झाड होते. थंडी ओसरण्याआधीच ते पांढऱ्या फुलांनी भरून जाई आणि दरवर्षी त्याला चित्र काढायला लावी. त्याचे शेवटचे चित्र या झाडाचेच आहे, अगदी लहान, पंचावन्न सेंटिमीटर उंचीचे. १९४७ च्या जानेवारीत तो अंथरुणाला खिळला होता आणि हातात ब्रश धरवत नव्हता, तरी चित्रातल्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या जमिनीचा हिरवा रंग त्याला खटकत होता. तेथे पिवळा हवा, असे त्याने भाचा शार्ल तेरास याला सांगितले. शार्लने त्याला आधार दिला आणि त्या कोपऱ्यात पिवळा रंग चढला. २३ जानेवारीला बोनार गेला. ल कानेच्या स्मशानभूमीत त्याला मार्तशेजारी पुरण्यात आले.