माळ्यावरचं तांब्याचं वेटोळं आणि १९४९ चा कायदा

परवा माळा आवरताना तांब्याच्या नळीचं एक वेटोळं सापडलं. आई म्हणाली, "भंगारात देऊन टाक." भंगारवाल्याने ते हातात फिरवून पाहिलं आणि हळूच विचारलं, "साहेब, हे भट्टीचं आहे का? मग नको. उद्या पोलिसांनी विचारलं तर मी काय सांगू?"

मला हसू आलं. पण माणूस फारसा चुकला नव्हता.

मिशिगनला नोकरीत असताना मी गॅरेजमध्ये बिअर बनवायचो. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा तासभर उकळायचा, त्याला 'वर्ट' म्हणतात. त्यात हॉप्स घालायचे, मग थंड करून यीस्ट सोडायचं. खरी गोची थंड करण्यातच. शंभर अंशांवरचा १९-२० लिटर काढा आपोआप निवायला रात्र जाते आणि तेवढ्यात भलतेच जंतू शिरून सगळं आंबट होतं. म्हणून बाजारातून ५० फूट मऊ तांब्याची नळी आणली. वाकवताना चेमटू नये म्हणून आत बारीक मीठ भरलं, रंगाच्या डब्याभोवती गुंडाळली, मीठ धुऊन काढलं, दोन्ही टोकांना रबरी पाइप आणि क्लिपा. उकळी संपायच्या १५ मिनिटं आधी वेटोळं काढ्यात बुडवायचं, म्हणजे तेही निर्जंतुक होतं. मग नळातून गार पाणी सोडायचं. वीसेक मिनिटांत काढा यीस्ट घालण्याइतका निवतो. बाहेर येणाऱ्या गरम पाण्यात भांडी घासून व्हायची. झालं चिलर तयार!

हे सगळं तिथे कायदेशीर होतं. पण कायमच होतं असं नाही. १९३३ मध्ये अमेरिकेची दारूबंदी उठली, तरी घरी बिअर बनवायची मोकळीक मिळाली नव्हती. ती १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने मिळाली. एक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची मात्र नाही. आणि घरी दारू गाळणं, म्हणजे भट्टी लावणं, तिथे आजही गुन्हाच आहे.

आता आपल्याकडे या. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. त्याच्या कलम ६५ नुसार परवान्याशिवाय दारू बनवणं तर गुन्हा आहेच, पण त्यासाठी साहित्य आणि उपकरणं बाळगणंही गुन्हा. म्हणजे हे वेटोळं बिअरसाठी पुन्हा वापरायचं म्हटलं तर मी आणि हातभट्टीवाला एकाच रांगेत. आणि त्याच पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी चालू आहेत. ज्याच्याकडे परवाना घ्यायला भांडवल आहे त्याची बिअर 'क्राफ्ट', आणि माझ्या स्वयंपाकघरातली गुन्हा.

कुणी म्हणेल, मालवणी विसरलास का? नाही विसरलो. २०१५ मध्ये तिथे शंभरावर माणसं मेली. पण ती मेली मिथेनॉलने, म्हणजे दारूत मिसळलेल्या कारखान्यातल्या विषाने. घरात जव आंबवून बिअर करताना जीव घेण्याइतकं मिथेनॉल तयार होत नाही. विष येतं ते चोरट्या धंद्यातून. तो धंदा मोडायचा तर पोलिसांचा वेळ तिथे लागायला हवा.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. दारूने संसार मोडलेल्या बायकांनी गावोगाव मतदान करून बाटली आडवी केली आहे. त्यांच्यापुढे "माझा छंद" असं म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणूनच मागणी मर्यादित आहे. २१ वर्षांवरच्या व्यक्तीला, घरापुरती, ठरलेल्या लिटरपर्यंत, फक्त आंबवलेली बिअर किंवा वाइन. विक्री केली तर आत्ताची शिक्षा. आणि जिथे दारूबंदी आहे तिथे ही सूट नको.

खरं सांगायचं तर माझ्यासारख्याच्या घरी कोण धाड घालणार? या कलमाचा मार बसतो तो मोहाची फुलं वेचणाऱ्या पाड्यांवर. सणाला, लग्नाला, देवाला मोहाची लागते, आणि घरात भांडं सापडलं की कोर्टाच्या तारखा सुरू. शेजारच्या मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये अनुसूचित जमातींना घरच्या वापरापुरती सूट आहे. आपल्याकडे का नसावी? मोहाची गाळलेली असते, बिअरपेक्षा कडक असते, हे मान्य. त्याचे नियम वेगळे करा. पण आधी घरापुरतं बनवणारा आणि धंदा करणारा यांत फरक तरी करा.

कायदा बदलेपर्यंत बिअर बनवणार नाही. वेटोळं पुन्हा माळ्यावर ठेवलंय. आई म्हणते, "निदान अंघोळीचं पाणी तरी तापव त्याने."

तुम्हाला काय वाटतं? पटत नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा. फक्त आधी कलम ६५ एकदा वाचून या.