अनुभव आणायचा कोठून?

सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याच्या फाटकावर ‘वीजतंत्री पाहिजे’ अशी पाटी लागली, की तिच्याखाली बहुधा दुसरीही ओळ असते : ‘अनुभव आवश्यक’. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून प्रमाणपत्र मिळविलेला तरुण या दुसऱ्या ओळीपाशी अडतो. काम नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून काम नाही, असा हा पेच आहे. तो त्या तरुणाचा वैयक्तिक उणेपणा समजण्याची रीत पडली आहे. वस्तुतः अनुभव ही कोणी घरून आणावयाची वस्तू नव्हे. तो कामाच्या जागीच तयार होतो, आणि त्या जागेची किल्ली मालकाच्या हाती असते.

अनुभवाची अपेक्षा मुळातच अवाजवी आहे, असे मात्र नव्हे. संस्थेतील सरावाच्या फळीवर तारा स्वच्छ आणि रंगावरून ओळखू येणाऱ्या असतात. पूर्व भागातील यंत्रमागाच्या कारखान्यात स्टार्टरच्या पेटीत सुताचा भुगा साचलेला असतो, जुन्या जोडण्यांवर नव्या चढविलेल्या असतात आणि मागाची मोटार नुसती गुणगुणत उभी राहते. तीन फेजपैकी एक गेला आहे हे वेळीच ओळखले नाही, तर वाइंडिंग जळते. पुरवठा बंद करावा, तो खरोखर बंद झाल्याचे तपासावे, कोणी चुकून पुन्हा सुरू करणार नाही अशी तजवीज करावी आणि मगच हात घालावा, हा क्रम पुस्तकात असतो. पण माग थांबल्यामुळे मजुरी बुडत असलेले कामगार भोवती उभे असताना आणि मालक घाई करीत असताना तो क्रम पाळण्याचे बळ जाणत्या मिस्त्रीच्या हाताखालीच येते. २०२१ या एका वर्षात देशात विजेच्या धक्क्याने साडेबारा हजारांच्या आसपास माणसे दगावली. तेव्हा प्रश्न अनुभव हवा की नको हा नाही. तो कोणाच्या खर्चाने मिळावा, हा आहे.

अर्थशास्त्रज्ञ अल्फ्रेड मार्शल यांनी १८९०मध्येच दाखवून दिले होते, की कामगाराच्या शिक्षणावर खर्च करणाऱ्याच्या पदरात त्याचे फळ फार थोडे पडते. कारण कामगार स्वतःचा धनी असतो आणि शिकल्यावर दुसरीकडे जाऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक मालकाला तयार माणूस हवा असतो, आणि त्याला तयार करण्याचा खर्च शेजाऱ्याने सोसावा असे वाटते. सगळेच असे वागले की तो खर्च तरुणाच्या घरावर येऊन पडतो. कंत्राटदाराकडे तो नाममात्र पैशांवर ‘हेल्पर’ म्हणून राबतो आणि तोवर घर आईच्या बिडी वळण्यावर चालते.

ही साधनांची टंचाई म्हणावी, तर तसेही नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. पुढे याच जिल्ह्यात एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला. वीज आहे, यंत्रे आहेत, जाणते मिस्त्रीही आहेत. शिकाऊ तरुणाला त्यांच्याजवळ नेणारी व्यवस्था तेवढी अपुरी आहे.

कायदा नाही असेही नाही. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ पासून आहे. २०१९च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक ठेवले. सोलापुरातील कितीतरी यंत्रमाग कारखाने या ऐच्छिक गटातच मोडतात. शिवाय या कायद्याने उमेदवार हा कामगार नव्हे, आणि त्याला पुढे नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये सांगितले. परंतु प्राधान्य म्हणजे हमी नव्हे.

याच पेचाची दुसरी बाजू ग्रामीण भागात दिसते. तेथे ‘झिरो वायरमन’ नावाचा माणूस असतो. वीज कंपनीच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते, तरी खांबावर तो चढतो. त्याच्याजवळ अनुभव असतो, पण कागद नसतो. आणि धक्का लागून तो पडला, तर तो तेथे कामाला होता हे सिद्ध करणेच घरच्यांना जड जाते. एकाकडे कागद आहे आणि हाताला काम नाही, दुसऱ्याकडे काम आहे आणि संरक्षण नाही. दोघांच्याही शिक्षणाची किंमत चुकविण्याचे इतरांनी टाळले आहे.

ब्रिटनमध्ये १९६४च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्याने उद्योगवार मंडळे नेमली, मालकांकडून वर्गणी घेतली आणि जे प्रशिक्षण देतील त्यांना त्यातून अनुदान दिले. पुढे बहुतेक मंडळे मोडीत निघाली, तरी बांधकाम उद्योगाचे मंडळ आजही टिकून आहे. त्यामागचे तत्त्व साधे आहे : तयार माणसाचा लाभ सर्वांना होतो, तर खर्चही सर्वांनी वाटून घ्यावा. चार माग चालविणाऱ्याला एकट्याने उमेदवार पोसणे परवडत नाही, ही त्याची तक्रार खरी आहे. पण वीस कारखानदारांनी मिळून परवानाधारक मिस्त्रीच्या देखरेखीखाली दोन-तीन उमेदवार ठेवले आणि त्यांना आळीपाळीने प्रत्येक कारखान्यात काम दिले, तर तो भार कोणालाच जड जाऊ नये. विद्यावेतनात शासनाने वाटा उचलावा, आणि झिरो वायरमनलाही परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविण्याची वाट मोकळी करावी.

कार्यकर्त्यांना यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तीसहून अधिक माणसांच्या कारखान्यांत किती उमेदवार घेतले, त्यांना विद्यावेतन वेळेवर मिळते काय, आणि उमेदवाराच्या नावाखाली नुसती झाडलोट तर करून घेतली जात नाही ना, याची विचारपूस आजपासून करता येईल. मालक आणि मिस्त्री यांना एका बैठकीत बसविणे हे त्यानंतरचे काम आहे. ते झाले, तरच पाटीवरील दुसरी ओळ मागण्याचा हक्क मालकाला प्राप्त होईल.