नागिणीचे पहिले तीन दिवस

प्रति,
मा. आयुक्त,
वसई-विरार शहर महानगरपालिका



नालासोपारा पूर्वेला माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवरची एक नेहमीची मागणी म्हणजे, "नागिणीची ट्यूब द्या." मागायला येतो मुलगा किंवा सून; रुग्ण घरी कुशीवर पडलेला. पुरळ उठून चार-पाच दिवस झालेले असतात. गेरूचा लेप झालेला असतो, कुणीतरी मंतरूनही दिलेलं असतं. नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, या धास्तीने घरचे फोडांचा पट्टा कुठवर आला ते सकाळ-संध्याकाळ बघत असतात. ट्यूब विकून मला चार पैसे मिळतात, पण तिने नसेतलं काही थांबत नाही.

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू अंगातच राहतो, कण्यालगतच्या नसांच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं दबून. वय झालं किंवा स्टिरॉइड, कर्करोगाची औषधं यांनी प्रतिकारशक्ती ढिली पडली, की तो एखाद्या नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. ही नस शरीराच्या एकाच बाजूला पसरलेली, म्हणून पट्टा बहुधा मध्यावर थांबतो आणि तोंड-शेपूट जुळतच नाही. इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर गावचे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्याच दवाखान्यातल्या नोंदींवरून १९६५ साली मांडलं की कांजिण्यांचा दबलेला विषाणूच पुन्हा जागा होऊन नागीण होते. एका गावातला साधा डॉक्टर! नोंदी नीट ठेवल्या तर काय हाती लागतं बघा.

फोड दोन ते चार आठवड्यांत सुकतात. घरचे म्हणतात, नागीण गेली. पण नस जखमी झालेली असते, ती विनाकारण मेंदूला वेदनेचे निरोप धाडत राहते आणि मज्जारज्जूही हळवा होऊन बसतो. तीन महिने उलटूनही दुखणं राहिलं, तर डॉक्टर त्याला पोस्ट-हर्पेटिक न्युराल्जिया म्हणतात. नागीण झालेल्या दहांपैकी एक-दोघांच्या वाट्याला ते येतं. माझे एक निवृत्त गिऱ्हाईक बनियन उलटं घालतात, कारण शिवण बरगडीला लागलेली सहन होत नाही. त्या बाजूला पंख्याचा वारा लागला तरी कळवळतात. विरार लोकलमध्ये चढणं त्यांनी सोडूनच दिलं. साध्या दुखण्याच्या गोळ्या इथे फारशा लागू पडत नाहीत. प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन अशी नसेवरची औषधं लागतात, आणि म्हाताऱ्या माणसाला त्यांनी गुंगी येते, तोल जातो.

कुणाचं दुखणं रेंगाळण्याची शक्यता जास्त, हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. साठी ओलांडलेले, मधुमेही, प्रतिकारशक्ती कमी झालेले. ज्यांना पुरळ उठण्याआधीच त्या जागी आग होत होती, ज्यांचे फोड दाट आहेत, ज्यांना पहिल्याच आठवड्यात झोप नाही. कपाळावर, डोळ्याभोवती नागीण आलेलेही यातलेच. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा. पुरळ उठण्याआधी मात्र सगळ्यांचीच फसगत होते. छातीत दुखतंय म्हणून कुणी गॅसची गोळी नेतं, कुणाचा ईसीजी निघतो.

पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या सुरू झाल्या (८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस), तर फोड लवकर सुकतात, सुरुवातीची वेदना लवकर ओसरते. पुढचं दुखणं टळेलच असं छातीठोकपणे सांगता येत नाही. अभ्यासांत त्यावर एकमत नाही. पण वय काही आपल्याला कमी करता येत नाही, उशीर मात्र कमी करता येतो. चिठ्ठीशिवाय मी या गोळ्या देऊ शकत नाही आणि देऊही नयेत, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा बदलावी लागते. म्हणजे डॉक्टर हवा, आणि तोही वेळेत. आमच्याकडे म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारा मुलगा पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री नऊला घरी येतो. तीन दिवस त्यातच जातात.

लस आहे. २०२३पासून भारतात मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन डोस. किंमत ऐकून बहुतेक जण विषय बदलतात. ती फुकट द्या असं आज म्हणत नाही.

मागणं छोटं आहे. प्रत्येक प्रभागात निदान एका नागरी आरोग्य केंद्रात रात्री नऊ-साडेनऊपर्यंत डॉक्टर असावा. ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्यांचा साठा तिथे कायम असावा. औषध काही दुर्मीळ नाही, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आशाताईंना एवढंच सांगावं की एका बाजूला पट्ट्यासारखे फोड दिसले तर त्याच दिवशी पाठवा. गेरू लावणाऱ्यांवर चिडून उपयोग नाही. माणसं आधी त्यांच्याचकडे जातात, तेव्हा त्यांनाही हेच सांगून ठेवावं. आणि वसईतल्या पालिकेच्या पेटिट रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस नसेच्या दुखण्यासाठी राखून ठेवावा, म्हणजे रेंगाळलेल्यांना मुंबई गाठावी लागणार नाही. किती जण येतात याची वही तिथेच उघडता येईल.

गोळ्यांच्या साठ्याचा अंदाज बांधायला कुणी औषधविक्रेता हवा असेल तर मी येईन. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतं.

आपला,
एक औषधविक्रेता, नालासोपारा (पूर्व)