बेटांची तटबंदी

समुद्रानें वेढलेलें बेट म्हणजे पक्ष्यांचा आपोआप सुरक्षित किल्ला, अशी आमच्या सुशिक्षित वर्गाची भाबडी समजूत आहे. आम्हांस ती मुळींच मान्य नाहीं. पिढ्यान् पिढ्या ज्यानें शत्रु पाहिला नाहीं, तो पक्षी उघड्या जमिनीवर निःशंकपणें अंडीं घालतो. तेथें एखादें मांजर उतरलें, कीं त्याच किल्ल्याचा सांपळा होतो. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ च्या सुमारास दीपगृहाच्या वस्तीबरोबर मांजरें आलीं, आणि तेथील उडतां न येणारा चिमुकला रेन पक्षी कायमचा नष्ट झाला.

आमच्या वेंगुर्ल्यासमोरील खडकांवर तर माणूसच मांजर झाला! पाकोळीचीं लाळेचीं घरटीं परदेशांत सुपासाठीं मोठ्या किंमतीस विकलीं जातात, म्हणून तीं तेथून चोरलीं गेलीं.

कोणी म्हणेल, बिघडलें तें बिघडलें. हेंही खोटें! ऑस्ट्रेलियानें मॅक्वॉरी बेटावरील ससे व उंदीर समूळ काढले आणि २०१४ सालीं तसें जाहीर केलें. अर्थात् उपाय आहे. उणीव आहे ती इच्छेची. विणीच्या हंगामांत अशा बेटांवर सहलीची होडी न नेणें, एवढाही निग्रह ज्यांस साधत नाहीं, त्यांनीं निसर्गप्रेमाच्या गोष्टी बोलूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.